चल जनुकीय घटक गुणसूत्रात नेमके कुठे घुसतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही डीएनए एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारतो, हे आता शाळेच्या पुस्तकातही असते. तो उतरतो कुठे आणि तिथेच का, हा प्रश्न मात्र सहसा शेवटच्या दोन ओळींत उरकला जातो. हे पान त्या प्रश्नासाठी आहे. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत. जिथे सांगण्यासारखे जास्त आहे, तिथे जास्त लिहिले आहे.

चल जनुकीय घटकांत कोण कोण येते?

ढोबळ मानाने तीन मंडळी. पहिली ट्रान्स्पोझॉन: हे डीएनएच्या रूपातच हलतात. काही स्वतःला कापून दुसरीकडे जोडतात, तर काही आधी प्रत काढतात. जीवाणूंमधले छोटे आयएस घटक याच गटातले. दुसरी रेट्रोट्रान्स्पोझॉन: यांची मूळ प्रत जागची हलत नाही. तिच्यावरून आरएनए निघतो, त्यावरून पुन्हा डीएनए बनतो आणि तो नव्या जागी बसतो. तिसऱ्या गटात गुणसूत्रात मुक्कामाला येणारे फेज (जीवाणूंना लागण करणारे विषाणू), जनुकीय बेटे (बाहेरून एकगठ्ठा आलेली जनुके) आणि एका जीवाणूतून दुसऱ्यात जाणारे मोठे संयुग्मी घटक. प्लाझ्मिड, म्हणजे जीवाणूंतली डीएनएची छोटी सुटी वर्तुळे, हीही चल असतात, पण ती बहुतेक वेळा गुणसूत्राबाहेर राहतात, म्हणून इथे त्यांचा विचार केलेला नाही.

डीएनएची रचनाच माहीत नव्हती, तेव्हा बार्बरा मॅक्लिंटॉक यांना घटकाची जागा कशी कळली?

सूक्ष्मदर्शकाने, आणि मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांवरून. १९४०च्या दशकात कोल्ड स्प्रिंग हार्बरला काम करताना त्यांना दिसले, की काही रोपांत मक्याचे नववे गुणसूत्र पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी तुटते. त्या ठिकाणाला त्यांनी डीएस असे नाव दिले. दुसरा एक घटक, एसी, हजर असेल तरच ही तूट होत होती. पुढे काही रोपांत तुटण्याची जागाच बदललेली आढळली. तूट सरकली, म्हणजे तुटीला कारण असणारी वस्तूही सरकली असली पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. दाण्याच्या रंगाच्या जनुकात डीएस बसला की दाणा रंगहीन होतो; दाणा वाढत असताना काही पेशींतून तो निघून गेला, की तेवढ्या पेशींत रंग परततो आणि ठिपके उमटतात. हे काम त्यांनी १९५०-५१ मध्ये मांडले. नोबेल मिळाले १९८३ साली.

हे घटक वाट्टेल तिथे घुसतात की जागा ठरलेली असते?

दोन्ही टोके निसर्गात आहेत आणि मधल्या सगळ्या छटाही.

एका टोकाला म्यू हा फेज. ऑस्टिन टेलर यांनी १९६३ साली दाखवले, की तो ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूच्या गुणसूत्रात जवळजवळ कुठेही शिरतो आणि ज्या जनुकात शिरेल ते निकामी करतो. दुसऱ्या टोकाला लॅम्डा फेज. त्याच ई. कोलायमध्ये तो एकच पत्ता शोधतो. अधेमधे मॅरिनर आणि स्लीपिंग ब्यूटी हे घटक आहेत. डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो; यांना त्यातली फक्त टी-ए ही दोन अक्षरे लागतात. पिगीबॅकला टी-टी-ए-ए लागतात. टी-ए ही जोडी जीनोममध्ये, म्हणजे पेशीच्या सगळ्या डीएनएत, पावलोपावली सापडते, त्यामुळे ही अट म्हणजे नावापुरतीच अट.

'रँडम' हा शब्द मात्र या विषयात जरा जपूनच वापरावा. टीएन५ हा ट्रान्स्पोझॉन पाठ्यपुस्तकात रँडम म्हणून येतो. पण केंद्रक असलेल्या पेशीत तो हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला डीएनए टाळतो आणि मोकळ्या डीएनएत सहज बसतो. २०१३ साली आलेली अटॅक-सीक ही पद्धत याच सवयीवर उभी आहे: टीएन५ जिथे जिथे बसला, तो भाग उघडा होता असे धरायचे. जो घटक कुठेही बसतो म्हणून प्रसिद्ध, त्याच्याच आवडीनिवडीचा नकाशा आज हजारो प्रयोगशाळा रोज काढतात.

जागा निवडते कोण?

कधी घटकाचे स्वतःचे एन्झाइम. घटकाला डीएनएत बसवणारे हे एन्झाइम (इंटिग्रेज किंवा ट्रान्स्पोझेज) डीएनएची अक्षरे वाचते, किंवा त्या ठिकाणी डीएनए किती वाकतो ते पाहते. कधी एन्झाइमला स्वतःला फारशी निवड नसते. यजमान पेशीचे एखादे प्रथिन त्याला धरून विशिष्ट ठिकाणी नेते. आणि कधी पेशीची त्या क्षणाची अवस्थाच ठरवते: डीएनएची नक्कल चालू आहे का, कुठली जनुके चालू आहेत, कुठला भाग गुंडाळून ठेवला आहे.

काही घटकांना आणखी एक सवय असते. टीएन३, टीएन७ आणि म्यू हे आपलीच एक प्रत आधीपासून बसलेली असेल, तर तिच्या आसपास दुसरी बसवत नाहीत. याचा फायदा उघड आहे. आपल्याच प्रतीत उडी मारून ती मोडून टाकण्याची वेळ येत नाही.

लॅम्डा फेज आपली जागा कशी ओळखतो?

ई. कोलायच्या गुणसूत्रात गॅलॅक्टोज वापरण्याची जनुके आणि बायोटिन बनवण्याची जनुके शेजारीशेजारी आहेत. त्यांच्या मधल्या जागेत १५ अक्षरांची एक ओळ आहे आणि नेमकी तीच ओळ लॅम्डाच्या डीएनएतही आहे. लॅम्डाचा डीएनए पेशीत शिरल्यावर वर्तुळाकार होतो. त्याचे इंटिग्रेज आणि यजमानाचे आयएचएफ हे वाकवणारे प्रथिन मिळून दोन्ही १५ अक्षरी ओळी समोरासमोर आणतात. दोन्हीकडे काप जातात, टोकांची अदलाबदल होते आणि ४८,५०२ अक्षरांचे ते वर्तुळ सरळ होऊन गुणसूत्राचा भाग बनते. अ‍ॅलन कॅम्पबेल यांनी ही कल्पना १९६२ साली मांडली होती, तेव्हा ती कागदावरची आकृतीच होती.

ती जागा गुणसूत्रातून काढून टाकली तर काय होते? लॅम्डा हार मानत नाही. त्या ओळीशी थोडेफार साम्य असलेल्या दुसऱ्या जागांवर तो बसतो, पण हे शेकडो पटींनी कमी वेळा घडते. बाहेर पडताना त्याची कधी चूक झाली, की एका बाजूचे गॅलॅक्टोजचे किंवा दुसऱ्या बाजूचे बायोटिनचे जनुक तो सोबत घेऊन जातो. 

जीवाणूंमध्ये टीआरएनए जनुकांच्या टोकाशीच इतकी गर्दी का असते?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि यायलाच हवा. रोगकारक बेटे, फेज, संयुग्मी घटक: यांपैकी कितीतरी जण टीआरएनए (प्रथिन बनताना त्याचे घटक आणून देणारा छोटा आरएनए) जनुकाच्या ३-प्राइम टोकाला, म्हणजे शेवटाला, चिकटलेले दिसतात. ई. कोलायच्या जुलाब करणाऱ्या काही जातींतले मोठे बेट सेलसी या टीआरएनए जनुकाशी आहे. मेसोरायझोबियम जीवाणूला शेंगावर्गीय झाडाच्या मुळावर गाठी करण्याची क्षमता देणारे सुमारे ५ लाख अक्षरांचे बेट फेनिलअ‍ॅलनिनच्या टीआरएनए जनुकाशी बसते.

कारणे दोन-तीन आहेत. टीआरएनए जनुके फार बदलत नाहीत. एका जातीत ओळखलेली जागा दुसऱ्या जातीतही तशीच भेटण्याची शक्यता मोठी, आणि घरोघर फिरणाऱ्या घटकाला याहून सोयीचे काय? शिवाय टीआरएनएच्या फासांमुळे त्या जनुकात आपोआप सममितीय ओळी असतात, आणि इंटिग्रेजांना अशा ओळी पकडायला बऱ्या पडतात.

खरी हुशारी मात्र तिसऱ्या कारणात आहे. घटक स्वतःच्या टोकावर टीआरएनए जनुकाचा शेवटचा तुकडा वागवत असतो. तो शिरतो तेव्हा जनुकाचा मूळ शेवट तोडून दूर ढकलला जातो, पण त्याच्या जागी घटकाने आणलेला तंतोतंत तसाच तुकडा बसतो. जनुक अखंड राहते आणि पेशीला काही कळतही नाही. दूर ढकललेला तुकडा बेटाच्या दुसऱ्या टोकाला उरतो. नव्या जीनोममध्ये बेट शोधताना हीच खूण पाहतात: एका बाजूला पूर्ण टीआरएनए जनुक, आणि बऱ्याच अंतरावर त्याच्याच शेपटीची नक्कल.

म्हणजे जीवाणूच्या गुणसूत्रावर ठरावीक अड्डे असतात का?

असतात. ८० जीवाणू जातींच्या जीनोमांची तुलना २०१७ साली प्रसिद्ध झाली. बाहेरून आलेली जनुके गुणसूत्राच्या जेमतेम १ टक्का ठिकाणी एकवटलेली आढळली. अशा जागी एकदा काही बसले आणि पेशीचे बिघडले नाही, की पुढच्याला तिथे बसणे आणखी निर्धोक होते. जुन्या घटकाच्या पोटात नवा घटक शिरला, तर नुकसान कोणाचे?

याशिवाय मोठ्या प्रमाणावरचीही एक मांडणी दिसते. मुक्कामाला आलेल्या फेजांचे प्रमाण नक्कल संपते त्या टोकाकडे जास्त असते.

कॉलऱ्याचे विष बनवणारा फेज कुठे बसतो?

डिफ नावाच्या जागी. ही जागा पेशीची स्वतःची गरज आहे: नक्कल होताना दोन गुणसूत्रे एकमेकांत अडकली तर झर-सी आणि झर-डी ही प्रथिने त्यांना इथे सोडवतात. सीटीएक्स फेजकडे स्वतःचे इंटिग्रेज नाही. तो याच दोन प्रथिनांना वापरून घेतो. जी जागा आणि जे एन्झाइम पेशी कधीच टाकून देऊ शकत नाही, त्यांवर भरवसा ठेवणे हा मला या सगळ्या यादीतला सर्वांत धूर्त डाव वाटतो. कॉलऱ्याचे विष या फेजवर असते हे १९९६ साली कळले.

औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचा या जागांशी काय संबंध?

थेट संबंध. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूच्या काही जाती (एमआरएसए) मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद देत नाहीत, कारण त्यांच्यात मेक-ए हे जनुक असलेले एक कॅसेट, म्हणजे डीएनएचा चल तुकडा, शिरलेले असते. ते ऑर्फ-एक्स या जनुकाच्या शेवटाशीच शिरते, दुसरीकडे सहसा नाही. म्हणून या जोडावरचा तुकडा शोधून एमआरएसए ओळखण्याच्या झटपट चाचण्या करता आल्या. कॉलऱ्याच्या जीवाणूत अनेक प्रतिजैविकांना निष्प्रभ करणारा एसएक्सटी हा घटक पीआरएफसी जनुकाच्या सुरुवातीला बसतो. आयएस घटकांचे वागणे याहून सैल असते. कधी ते एखाद्या जनुकाच्या अगदी आधी बसतात, त्यांच्या टोकातून वाचनाची सुरुवात होते आणि आतापर्यंत गप्प असलेले जनुक जोरात चालू लागते.

टीएन७ची एवढी वाखाणणी का होते?

कारण त्याच्याकडे दोन योजना आहेत आणि दोन्ही परिस्थितीला धरून आहेत.

पहिली योजना गुणसूत्रासाठी. जीएलएमएस हे जनुक जीवाणूच्या पेशीभित्तिकेसाठी अत्यावश्यक आहे आणि जातोजाती फारसे बदलत नाही. टीएनएस-डी हे टीएन७चे प्रथिन या जनुकाचा शेवटचा भाग वाचते, पण घटक जनुकात बसवत नाही. सुमारे २५ अक्षरे पुढे, जनुक संपल्यानंतरच्या जागेत बसवते. ओळखायचे अत्यावश्यक जनुक, कारण ते सगळीकडे सापडणार. बसायचे त्याच्या बाहेर, कारण ते मोडले तर यजमानही मरणार आणि आपणही.

दुसरी योजना प्रवासासाठी. टीएनएस-ई हे दुसरे प्रथिन एका पेशीतून दुसरीत जात असलेल्या प्लाझ्मिडवर लक्ष ठेवते आणि घटकाला तिथे बसवते. एका योजनेत सुरक्षित घर, दुसरीत पुढच्या यजमानाकडे नेणारे वाहन.

ट्रान्स्पोझॉन आणि क्रिस्पर यांचा एकत्र उल्लेख का येतो?

क्रिस्पर ही जीवाणूंची संरक्षण यंत्रणा: मार्गदर्शक आरएनएने घुसखोर डीएनए ओळखायचा आणि कापायचा. टीएन७च्या काही नातेवाइकांनी ती आपलीशी केली आहे. त्यांच्यातली क्रिस्परची डीएनए कापण्याची क्षमता गेलेली आहे. जागा शोधण्याची मात्र शाबूत आहे. मार्गदर्शक आरएनए जिथे जुळेल, तिथून ठरावीक अंतरावर ट्रान्स्पोझॉन बसतो. कॉलऱ्याच्या जीवाणूतून घेतलेल्या अशा घटकात हे अंतर साधारण ५० अक्षरांचे असते. २०१९ साली दोन प्रयोगशाळांनी, दोन वेगवेगळ्या जीवाणूंचे घटक वापरून, हे ई. कोलायमध्ये करून दाखवले. मार्गदर्शक बदलला की पत्ता बदलतो. २०२४ साली आयएस११० कुटुंबातही आरएनए वापरून जागा ठरवण्याची एक वेगळीच रीत सापडली. तिथे एकच आरएनए एका बाजूने घटकाला आणि दुसऱ्या बाजूने लक्ष्याला ओळखतो.

यीस्टचा जीनोम इतका दाट आहे. तिथे हे घटक जागा कशी काढतात?

यीस्टच्या सुमारे १.२ कोटी अक्षरांत जनुके खेटून खेटून आहेत. वाट्टेल तिथे बसणारा घटक इथे यजमानाला लवकरच संपवेल. म्हणूनच की काय, यीस्टचे रेट्रोट्रान्स्पोझॉन कमालीचे नेमके आहेत.

टीवाय३ हा टीआरएनएसारख्या जनुकांचे वाचन जिथून सुरू होते, तिथून एक-दोन अक्षरांच्या अंतरावर बसतो. टीवाय१ त्याच जनुकांच्या वरच्या बाजूला, साधारण हजार अक्षरांच्या पट्ट्यात बसतो. या भागात प्रथिनांची जनुके सहसा नसतात. टीवाय५ गुणसूत्राच्या टोकांजवळच्या मिटलेल्या भागात जातो, कारण त्याचे इंटिग्रेज तिथल्या सर-४ या प्रथिनाला धरते.

टीवाय१ कोणाला धरतो हे २०१५ साली स्पष्ट झाले. टीआरएनए जनुके वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेज-३ या यंत्रात एसी४० नावाचा एक भाग आहे, त्याला. संशोधकांनी तो भाग काढून दुसऱ्या जातीच्या यीस्टमधला तसाच भाग बसवला. पेशी व्यवस्थित जगली, पण टीवाय१चा पत्ता चुकला आणि तो गुणसूत्राच्या टोकांकडच्या भागात जाऊन बसू लागला. एका प्रथिनाची पकड सुटली आणि सगळा नकाशा बदलला.

टीवाय५ची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. सर-४ला धरण्यासाठी त्याच्या इंटिग्रेजवर फॉस्फेटचा एक गट लागतो. पेशी उपासमारीसारख्या ताणात असली की तो गट निघतो, पकड सुटते आणि टीवाय५ जनुकांच्या भागात विखुरतो. नवे उत्परिवर्तन हवे तेव्हा दार उघडायचे, असा याचा अर्थ काही जण लावतात. मला तो जरा घाईचा वाटतो. ताणातल्या पेशीत बरेच काही ढिले पडते.

माणसाच्या जीनोममध्ये सध्या काय हलते?

आपल्या जीनोमचा जवळपास निम्मा भाग कधी ना कधी चल घटकांतून आलेला आहे. प्रथिनांची माहिती देणारा भाग दीड टक्क्याच्या आसपास आहे, हे शेजारी ठेवून पाहा. यातले बहुतेक आता निपचित आहेत. एल१ या घटकाच्या सुमारे ५ लाख प्रती आहेत आणि त्यांनीच जीनोमचा १७ टक्के भाग व्यापला आहे, पण एका माणसात चालू अवस्थेतल्या प्रती साधारण ८० ते १०० इतक्याच. सुमारे ३०० अक्षरांचा अलू घटक १० लाखांहून अधिक ठिकाणी आहे. त्याच्याकडे स्वतःचे एकही प्रथिन नाही. तो एल१चीच यंत्रणा वापरतो.

एल१ नव्या जागी शिरतो कसा? एकेक पायरी सांगाल?

एल१च्या आरएनएला शेवटी ए अक्षरांची लांब शेपटी असते. त्याच्यासोबत त्याचेच एक प्रथिन चालते. त्यात कापणारा भागही असतो आणि आरएनएवरून डीएनए लिहिणारा भागही. कापणारा भाग डीएनएच्या एका धाग्यावर टी-टी-टी-टी-ए-ए यासारखी ओळ शोधतो आणि टी व ए यांच्या मधे काप देतो. मोकळ्या झालेल्या टोकाशी आता टी अक्षरे आहेत. आरएनएच्या शेपटीतली ए अक्षरे त्यांच्याशी जुळतात आणि तिथूनच डीएनए लिहायला सुरुवात होते. यजमानाच्या तुटलेल्या टोकाचाच प्राइमर, म्हणजे लेखन सुरू करून देणारा तुकडा, म्हणून वापर होतो. ही रीत आधी रेशीमकिड्यातल्या आर२ या घटकात, १९९३ साली, उलगडली होती.

पुढे दुसरा धागा थोड्या अंतरावर कापला जातो. दोन कापांमधला हा तुकडा शेवटी दोन्ही बाजूंना भरून निघतो, म्हणून घटकाच्या दोन्ही टोकांना ७ ते २० अक्षरांची सारखीच ओळ दिसते. लेखन शेपटीकडून सुरू होत असल्याने ते अर्ध्यात थांबले तर डोके गायब होते. पूर्ण एल१ सुमारे ६ हजार अक्षरांचा, पण बहुतेक प्रती अशाच मुंडके उडालेल्या आहेत. त्या पुन्हा हलू शकत नाहीत.

अलू आणि एल१ एकच एन्झाइम वापरतात, मग ते जीनोमच्या वेगवेगळ्या भागांत का दिसतात?

या पानावरचा एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचा.

एल१च्या प्रती ए-टीने भरलेल्या, जनुके विरळ असलेल्या भागांत जास्त आहेत. अलूच्या प्रती जी-सीने भरलेल्या, जनुके दाट असलेल्या भागांत. कापणारे एन्झाइम तेच, ओळखीची ओळ तीच. मग फरक आला कुठून? घटक कुठे शिरतो आणि आज तो कुठे दिसतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांच्यामध्ये लाखो वर्षांची चाळण असते. जनुकाजवळ पडलेला ६ हजार अक्षरांचा एल१ नुकसान करण्याची शक्यता अधिक, म्हणून तशा प्रती पिढ्यांमागून पिढ्या गळत जातात. ३०० अक्षरांचा अलू तिथे तुलनेने खपून जातो.

हे नुसते तर्काचे नाही. प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींत मुद्दाम एल१ चालू करून, चाळण लागण्याआधीच, हजारो ताज्या जागा २०१९ साली मोजल्या गेल्या. त्या जीनोमभर पसरलेल्या होत्या. मोठा हात होता तो कापण्याच्या ओळीचा आणि डीएनएच्या नकलेचा. आपल्या जीनोममधल्या जुन्या प्रतींसारखी जनुके टाळण्याची ठळक खूण त्यांत नव्हती.

आणखी एक पुरावा जनुकांच्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे जनुकांतल्या प्रथिनाची माहिती नसलेल्या भागांत, मिळतो. तिथल्या जुन्या एल१ प्रती बहुतेक जनुकाच्या उलट दिशेला तोंड करून आहेत. शिरताना दिशा पाहून कोण शिरणार? सरळ दिशेने बसलेल्या प्रतींतली 'वाचन इथे थांबवा' अशी खूण जनुकाचे वाचन मधेच तोडते, म्हणून त्या कमी उरल्या.

जुन्या जीनोममधल्या प्रतींची गर्दी पाहून 'या घटकाला ही जागा आवडते' असे लिहिलेले वाचले, की आधी विचारावे: जागा ताज्या मोजल्यात की उरलेल्या?

जीनोमचे काही भाग पूर्ण मोकळे आहेत का?

जवळपास. गर्भात शरीराची रचना ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचे चार गट २००१च्या मानवी जीनोमच्या पहिल्या आराखड्यात ठळकपणे वेगळे दिसले: विखुरलेल्या घटकांचे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी. त्याच आराखड्यात एक्स गुणसूत्रावर ५ लाख २५ हजार अक्षरांचा एक पट्टा होता, जो ८९ टक्के अशाच घटकांनी भरलेला होता.

हे घटक एकमेकांतही घुसतात का?

मोठ्या प्रमाणात. मक्याचा सुमारे ८५ टक्के जीनोम अशा घटकांचा आहे. १९९६ साली एडीएच१ या जनुकाच्या आसपासचा भाग वाचला, तेव्हा रेट्रोट्रान्स्पोझॉनच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, असे थरावर थर निघाले. सर्वांत आतला सर्वांत नवा, त्यामुळे कोण आधी आले आणि कोण नंतर हे थेट वाचता येते.

आपल्या जागेमुळे पेशीच्या उपयोगी पडणारे घटकही आहेत का?

फळमाशी हे ठळक उदाहरण. आपल्या गुणसूत्रांची टोके टेलोमरेज हे एन्झाइम राखते. फळमाशीत ते नाही. तिथे हेट-ए, टार्ट आणि तहरे हे तीन रेट्रोट्रान्स्पोझॉन गुणसूत्राच्या टोकावर पुन्हा पुन्हा बसतात आणि झिजलेली लांबी भरून काढतात. टोक सोडून इतरत्र, जनुकांच्या भागात, ते बसत नाहीत.

आर२ हा उपयोगी नाही, पण निरुपद्रवी राहण्याची त्याची युक्ती चांगली आहे. तो रायबोझोमच्या २८-एस आरएनएच्या जनुकात ठरावीक जागी शिरतो. या जनुकाच्या शेकडो प्रती असतात. काही बिघडल्या तरी भागते.

चुकीच्या जागी शिरून आजार होतो का?

होतो. १९८८ साली हिमोफिलिया-ए असलेल्या २४० रुग्णांपैकी दोघांत रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर-८च्या जनुकात एल१ नव्याने शिरलेला सापडला. मानवी एल१ आजही हलतो याचा तो पहिला थेट पुरावा होता. तेव्हापासून अशी शंभरहून अधिक उदाहरणे नोंदली गेली आहेत. तरी अशा नव्या घुसखोऱ्या जन्मागणिक होत नाहीत. अलूचा अंदाज काही डझन जन्मांमागे एक असा आहे, आणि त्यांतल्या बहुतेक कुणाला न जाणवता पडून राहतात.

आणि चांगले परिणाम?

'चांगले' म्हणण्यापेक्षा 'लक्षात राहिलेले' म्हणू या. मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा घटक बसलेला आहे. १९९० साली हे कळले. ब्रिटनमधल्या काळ्या पडलेल्या पेपर्ड पतंगात कॉर्टेक्स जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये सुमारे २२ हजार अक्षरांचा घटक आहे. २०१६च्या संशोधनात तो १८१९च्या सुमारास शिरला असा अंदाज निघाला. कारखान्यांच्या धुराने झाडांची खोडे काळवंडली, त्या काळाशी हे जुळते.

एचआयव्हीसुद्धा असाच जागा निवडतो का?

हो. त्याचे इंटिग्रेज आणि रेट्रोट्रान्स्पोझॉनांची इंटिग्रेजे एकाच कुळातली. एचआयव्ही चालू असलेल्या जनुकांच्या अंगात बसतो, कारण पेशीचे लेजएफ हे प्रथिन त्याच्या इंटिग्रेजला तिथे नेते. उंदरांतल्या एमएलव्ही विषाणूला बीईटी कुटुंबातली प्रथिने नेतात, आणि ती जनुकांच्या सुरुवातीपाशी असतात.

या फरकाची किंमत माणसांना मोजावी लागली आहे. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर फ्रान्समध्ये एमएलव्हीपासून बनवलेल्या वाहकाने (पेशीत हवे ते जनुक नेणाऱ्या, बदललेल्या विषाणूने) जनुकोपचार झाला. मुले बरी झाली, पण काहींना पुढे ल्युकेमिया झाला: वाहक एलएमओ२ या जनुकाजवळ बसला होता आणि त्याने ते नको तितके चालू केले होते. त्यानंतर वाहकांची रचना बदलली. शेजारच्या जनुकाला चेतवणारी टोके काढून टाकली गेली आणि एचआयव्हीच्या कुळातले वाहक पुढे आले.

नवा घटक नेमका कुठे बसला हे शोधतात कसे?

जोड शोधून. वाचलेल्या डीएनएच्या एखाद्या तुकड्याचे अर्धे अंग घटकाचे आणि उरलेले अर्धे गुणसूत्राच्या ओळखीच्या भागाचे निघाले, तर तो तुकडा जोडावरचा. दोन्ही बाजूंचे जोड मिळाले आणि मधे त्या घटकाला साजेशी दुहेरी ओळ (टीएन५ला ९ अक्षरांची, म्यूला ५) सापडली, की खात्री होते. अडचण येते ती घटक आपल्यासारख्याच घटकांच्या ढिगात बसला तर. छोटे तुकडे कुठले ते कळत नाही. लांब वाचन करणाऱ्या यंत्रांनी ही अडचण बरीच सोडवली. २०२२ साली पुरा झालेला मानवी जीनोम त्यांच्यामुळेच शक्य झाला.

घुसण्याच्या जागांवरून अत्यावश्यक जनुके कशी ओळखतात?

रिकाम्या जागा पाहून. क्षयाच्या जीवाणूच्या जीनोममध्ये टी-ए जोडीच्या ७४ हजारांहून जास्त जागा आहेत. त्यात मॅरिनर कुळातला हिमार१ सोडायचा, जिवंत राहिलेल्या पेशी गोळा करायच्या आणि कुठे कुठे तो बसलेला आहे ते मोजायचे. ज्या जनुकात टी-ए भरपूर आहेत पण एकाही पेशीत घटक सापडत नाही, त्या जनुकावाचून जीवाणूचे चालत नाही. घटक तिथेही बसला होताच. त्या पेशी मोजायला उरल्या नाहीत. शिरणे आणि टिकणे यातला फरकच इथे साधन झाला आहे. फक्त लहान जनुकांबाबत सावध राहावे लागते. दोन-तीनच टी-ए असतील, तर जागा योगायोगानेही रिकामी राहते.

पुढचा घटक कुठे बसेल हे आधी सांगता येईल का?

टीएन७बद्दल जवळजवळ अक्षर धरून सांगता येते. टीवाय३बद्दलही, फक्त शेकडो टीआरएनए जनुकांपैकी कुठले, ते सांगता येत नाही. एल१बाबत शक्यतांची भाषा उरते: टी-टी-टी-टी-ए-ए सारखी ओळ असलेली कुठलीही जागा, आणि अशा जागा मानवी जीनोममध्ये लाखो आहेत. वाहक रचणाऱ्यांनी म्हणून उलटा मार्ग धरला आहे. घटक कुठे जाईल याचा अंदाज बांधत बसण्याऐवजी आधी सुरक्षित जागा ठरवायची आणि मार्गदर्शक आरएनएने त्याला तिथे न्यायचे. जीवाणूंत हे नेमकेपणाने जमते. मानवी पेशीत असे ट्रान्स्पोझॉन काम करतात, पण मूळ रूपात फार कमी वेळा, आणि सध्या सगळी खटपट तो आकडा वाढवण्याची चालू आहे.